अकरा सेकंदांचा माणूस

विद्याधर केळसकर यांना त्या सोमवारपर्यंत चार हजार एकशे बारा लोकांनी पाहिलं होतं. कोणी त्यांना बाकूच्या बाजारात डाळिंबं विकताना पाहिलं होतं, कोणी चिलीतल्या एका चर्चच्या पायरीवर. सुरतेच्या एका बाईंनी तर ते आपल्या शेजारी राहायला आले असून रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात, असं सविस्तर कळवलं होतं. जगात इतक्या ठिकाणी असलेला हा माणूस फक्त आपल्या घरी नव्हता.

त्यांची मुलगी डॉ. ऋजुता केळसकर नाशिकच्या आंतरजाल-पुरातत्त्व प्रयोगशाळेत काम करत होती. जाळ्यावरची बेवारस चित्रं, निनावी आवाज, कोणी बांधली ते माहीत नसलेली संकेतस्थळं यांचं मूळ शोधणं हा या प्रयोगशाळेचा उद्योग. नातेवाईक तिला थट्टेने ‘भुतांची डॉक्टर’ म्हणत. गेल्या मार्चपासून ही थट्टा बंद झाली होती, कारण जाळ्यावरचं सगळ्यात गाजलेलं भूत आता तिचे वडील होते.

घडलं होतं ते एवढंच. विद्याधर केळसकर हे दापोलीच्या बाजूला वाकणे नावाच्या गावात राहणारे निवृत्त विज्ञानशिक्षक. घरामागच्या उंच सुरूच्या झाडावर समुद्रगरुडाचं घरटं होतं आणि त्यावर त्यांनी कॅमेरा बसवला होता. झाडाखाली कोणी त्रास द्यायला येतं का ते पाहायला दुसरा कॅमेरा बुंध्यापाशी होता. चौदा मार्चला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ते स्वतःच झाडाखाली आले, या दुसऱ्या कॅमेऱ्यात सरळ पाहिलं, त्यांचे ओठ तीनदा हलले आणि ते डावीकडे चालत चित्राबाहेर गेले. उजव्या पायातली चप्पल जागीच राहिली. एकूण अकरा सेकंद. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, आणि त्यानंतर विद्याधर केळसकर कोणाला दिसले नाहीत.

पोलिसांनी खाडी पालथी घातली, श्वानपथक आणलं. बाराव्या दिवशी कोणीतरी ते दृश्य ‘हा माणूस काय म्हणाला?’ अशा मथळ्याखाली जाळ्यावर टाकलं, आणि पुढच्या महिन्याभरात तीन कोटी लोकांनी ते पाहिलं. नऊ भाषांतल्या तज्ज्ञांनी ओठ वाचले. कोणाला त्यात ‘ते आलेत’ असं वाक्य सापडलं, कोणाला अक्षांश-रेखांश सापडले. एका चपलेवर एक पूर्ण पुस्तक निघालं. ऋजुता मात्र रोज सकाळी संगणक उघडायच्या आधी दोन मिनिटं नुसती बसून राहायची. बाबांना पाहिल्याचं कळवणाऱ्यांच्या त्या यादीची तिला भीती वाटायची. ही यादी कधी संपणार नाही अशी एक भीती, आणि एके दिवशी संपेल अशी दुसरी.

या भीतीला शास्त्रीय पाया आहे, हे तिला डॉ. इक्बाल परकारांनी सांगितलं. परकार मूळचे उत्क्रांतिशास्त्रज्ञ. आयुष्याची वीस वर्षं त्यांनी उवा आणि डासांवर घालवली होती, आणि अफवा रोगांसारख्या पसरतात म्हणून प्रयोगशाळेने त्यांना बोलावून घेतलं होतं.

"गूढ सुटलं की त्याचं काय होतं?" त्यांनी एकदा चहा पिताना तिला विचारलं होतं.

"लोकांचा रस संपतो. दुसरीकडे जातात."

"म्हणजे ते मरतं. आणि न सुटलेलं?"

"पुन्हा पुन्हा पाहिलं जातं. पुढे पाठवलं जातं."

"म्हणजे ते पिल्लं घालतं. आता असं बघ. आज जाळ्यावरच्या दहा नोंदींपैकी नऊ माणूस लिहीत नाही, स्वयंप्रसारक लिहितात. हे प्रोग्रॅम कोणी सोडले, किती सोडले, कोणालाच ठाऊक नाही. त्यांना एकच गोष्ट येते. आहे त्याची थोडा बदल करून नक्कल काढायची, आणि जी नक्कल लोक जास्त वेळ बघतात तिच्या आणखी नकला काढायच्या. त्यांना डोकं नाही, दुष्टावाही नाही. पण बदल, वारसा आणि निवड या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे उत्क्रांती होतेच. मग ते डबकं असो नाहीतर तार असो."

"आणि निवड होते ती न सुटणाऱ्या गूढांची," ऋजुता म्हणाली.

"बरोबर. ज्या गूढांना उत्तरापासून स्वतःला वाचवता आलं नाही, ती मेली. जी आज जिवंत आहेत ती सगळी वाचायला शिकलेली आहेत. खरं उत्तर जवळ आलं की त्याच्याभोवती शंभर खोटी उत्तरं उगवतात. ती कोणी मुद्दाम पेरत नाही, पण ज्यांच्याभोवती ती उगवली नाहीत ती गूढं आता राहिलीच नाहीत." परकारांनी कप खाली ठेवला. "मला बोलवत नाही, पण तुला माहीत असायला हवं. तुझे बाबा सापडणं म्हणजे या गूढाचं मरण आहे. ते गूढ तसं होऊ देणार नाही."

ऋजुता त्या दिवशी फार घाबरली. पण तिच्याकडे एक हत्यार होतं आणि तिचा त्यावर भरवसा होता.

प्रयोगशाळेत पहिल्यापासूनची एक रीत होती. जाळ्यावर कुठलंही निवेदन टाकताना त्यात एक खोटी खूण मुद्दाम घालायची, आणि खरी खूण फक्त शाईने एका वहीत लिहून कपाटात कुलूपबंद ठेवायची. निवेदनावरून रचलेली बनावट माहिती अशी चटकन पकडता येई. विद्याधर केळसकरांच्या उजव्या पोटरीवर लहानपणी गरम पेज सांडून भाजल्याचा डाग होता. ऋजुताने निवेदनात ‘डाव्या पोटरीवर’ असं छापलं. डाग डावीकडे सांगणारा प्रत्येकजण खोटा म्हणून बाद होई. डाग नाहीच असं सांगणारे काही होते, पण चालत्या माणसाची पोटरी कोण बघतं, म्हणून ते सगळे चेहऱ्याच्या साम्यावर तपासले जात. साम्य शेकडा साठच्या खाली असलं की यंत्र त्यांना तळाच्या ढिगात ढकलून देई. चार हजार एकशे बारा जण असे गाळले गेले होते.

त्या सोमवारी चार हजार एकशे तेरावा आला. दीवच्या एका खानावळीच्या मालकाने लिहिलं होतं, ‘तुमच्या जाहिरातीत चूक आहे. डाग उजव्या पायावर आहे.’

ऋजुताने तो मजकूर किती वेळ वाचला ते तिचं तिलाच कळलं नाही. मग तिने उत्तर लिहिलं.

पहिला फोन रविवारी सकाळी दहाला आला. चित्र फुटत होतं, आवाज खरखरत होता. पडद्यावर बाबांसारखा कोणीतरी होता आणि तो म्हणत होता, "ऋजुता, मी बरा आहे. मला शोधू नका."

"बाबा, गरुडाच्या पिल्लाचं नाव तुम्ही काय ठेवलं होतं?" तिने विचारलं. हे नाव घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

"राजा," पलीकडून उत्तर आलं. ते चूक होतं. ऋजुताने फोन बंद केला आणि ओंजळीत तोंड घेऊन बसून राहिली. पाच मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. "लाइन तुटली बघ," आवाज म्हणाला. या वेळी खरखर कमी होती. पुन्हा विचारलं तर त्याने दुसरंच नाव सांगितलं, तिने पुन्हा बंद केला. चौथ्या फोनवर तो म्हणाला, "नाव? अगं, मी त्याला नुसतं बाळ्या म्हणायचो."

ते बरोबर होतं. ऋजुता रडायला लागली, आणि आतल्या खोलीतून तिची आई शुभदा धावत आली.

त्यानंतर दर रविवारी दहा वाजता फोन येऊ लागला. आपण कुठे आहोत ते ते सांगत नसत. एका कामात अडकलोय, सुटलो की येतो, म्हणत. बाबा गेल्यापासून ऋजुताने आईला नाशिकला आणलं होतं, आणि सहा महिने ती बाई खिडकीशी बसून होती. आता रविवारी ती सकाळीच न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून तयार व्हायची. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि समोर खुर्ची ओढून बसायची. तिसऱ्या आठवड्यात बाबा ऋजुताला ‘ऋजे’ म्हणाले. पाचव्यात बोलता बोलता त्यांना तो जुना कोरडा खोकला आला. सहाव्या आठवड्यात त्यांनी आईला रक्तदाबाच्या गोळीवरून असं झापलं की ती बिचारी खुदकन हसली.

"हे अगदी होते तसेच आहेत गं," ती ऋजुताला म्हणाली. "उलट आता जास्त बोलतात. पूर्वी कुठे एवढं बोलायचे."

हे वाक्य ऋजुताच्या मनात रुतून बसलं. बाबा खरंच एवढं बोलत नसत. ते कधी आईची विचारपूस करत नसत, ‘तुझी आठवण येते’ असं तर त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. तिने मंगळवारी सगळ्या फोनची ध्वनिमुद्रणं परकारांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "सर, जरा बघाल? मला काही बोलायला सुचत नाहीये."

परकारांनी दोन दिवस घेतले. गुरुवारी दुपारी त्यांनी तिला बोलावलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"ऋजुता, हे एका माणसाचे नऊ फोन नाहीत," ते म्हणाले. "ही नऊ माणसं आहेत."

त्यांनी पडद्यावर नऊ स्वरमुद्रा ओळीने मांडल्या. बोटांचे ठसे असतात तशा या आवाजाच्या मुद्रा. पहिली आणि नववी इतक्या वेगळ्या होत्या की त्या दोन अनोळखी माणसांच्या वाटाव्या. पण शेजारच्या दोन घेतल्या तर फरक केसाएवढा.

"आठवड्या-आठवड्याने तुझे बाबा थोडे थोडे तुझ्या बाबांसारखे होत गेलेत. पण माणूस स्वतःसारखा होत जात नाही. तो असतोच."

"पण बाळ्या?" ऋजुताने विचारलं. "पोटरीचा डाग? ते वहीत आहे, सर. ते संगणकात नाही."

परकारांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "तू कोकणातली आहेस. भाताच्या खाचरात एक तण असतं बघ, हुबेहूब भाताच्या रोपासारखं दिसणारं. ते तसं कोणी केलं?"

"कोणी केलं?"

"बेणणी करणाऱ्या बायकांनी. पिढ्यान् पिढ्या त्या खाचरात वाकून जे तण वेगळं दिसेल ते उपटत आल्या. जे थोडं भातासारखं दिसलं ते वाचलं, त्याचं बी पडलं. पुढच्या वर्षी त्यातलं जे आणखी भातासारखं होतं ते वाचलं. त्या बायका जितकी चांगली बेणणी करत गेल्या, तितकं ते तण भात होत गेलं." त्यांनी चष्मा काढला. "स्वयंप्रसारकांच्या या थव्याला डाग उजवीकडे आहे हे कधीच माहीत नव्हतं. त्याने हजारो उत्तरं पाठवली, कुठे डाग डावीकडे, कुठे पाठीवर, कुठे चुकून उजवीकडे. तू बाकीची सगळी उपटलीस. उजवीकडचं एक ठेवलंस आणि त्याला उत्तर दिलंस. पिल्लाच्या नावाला तीन चुकीची उत्तरं आली, तू तीनदा फोन बंद केलास. चौथ्याला नाही केलास. आणि तुझी आई तर रविवारी तासभर बोलते. कुठल्या वाक्याला ती हसली, कुठे तिचा श्वास अडला, सगळं मोजलं जातंय."

गेला दीड महिना ऋजुता वडिलांना शोधत नव्हती. ती त्यांना वाढवत होती, चुकीचे खुडून, बरोबर तेवढे ठेवून. आणि ज्या काळजीने ती हे करत होती, तिच्यामुळेच ते इतकं हुबेहूब झालं होतं.

"मग खरं उत्तर आलं तर मी ओळखू कशी?" तिने विचारलं. "तेही याच यादीतून येणार."

परकारांनी खांदे उडवले. उत्तर तिला स्वतःलाच सुचलं, आणि ते सुचल्यावर ती उठून उभी राहिली.

"सर, खरं बदलत नाही. थवा जे पाठवतो ते प्रत्येक वेळी जरा वेगळं असतं, माझ्या आवडीकडे सरकलेलं. खऱ्या माणसाला माझी आवड ठाऊक नाही. तो पुन्हा लिहील तर तेच लिहील."

तिने यंत्राला एकच काम दिलं. यादी तळापासून चाळ आणि एकापेक्षा जास्त वेळा, अक्षरही न बदलता आलेला मजकूर शोध. यंत्राला चार सेकंद लागले. असा मजकूर एकच होता. तो सात वेळा आला होता, दर महिन्याच्या एक तारखेला. अंकोल्याजवळच्या एका निराधार-गृहातून आलेला, साध्या इंग्रजीतला. ‘आमच्याकडे एक अनोळखी गृहस्थ आहेत. वय सुमारे पासष्ट. उजवं अंग लुळं, वाचा नाही. डाव्या पोटरीवर डाग नाही. कृपया संपर्क साधावा.’ सोबत एका दाढीवाल्या, तोंड वाकडं झालेल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. चेहऱ्याचं साम्य शेकडा एकतीस. सातही वेळा यंत्राने ते तळाला ढकललं होतं.

फोन उचलला तो तिथल्या डॉक्टर लविना फर्नांडिस यांनी. बेळगावात शिकल्यामुळे त्या छान मराठी बोलत होत्या.

"उजव्या पोटरीवर?" त्या म्हणाल्या. "आहे की, भाजल्याचा मोठा डाग आहे. पण तुम्ही डावीकडचं विचारलेलं, म्हणून मी नाही लिहिलं. दर महिन्याला तेच पत्र टाकत होते. बदलणार काय त्यात? त्यांच्यात काही बदललंच नव्हतं."

दुसऱ्याच दिवशी ऋजुता अंकोल्याला पोचली. पडवीत खाटेवर बसलेल्या माणसाला तिने आधी ओळखलंच नाही. अर्धा देह उरला होता. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि ती समोर गुडघ्यांवर बसून ‘बाबा’ म्हणाली तेव्हा ते तिच्याकडे, मग खिडकीकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचा डावा हात मात्र हळूच येऊन तिच्या डोक्यावर टेकला. तेवढं तिला पुरलं.

डॉक्टरांनी ते अकरा सेकंदांचं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. तीन कोटी लोकांनी पाहिलेली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. ऋजुताने दाखवल्यावर त्यांनी ते दोनदा पाहिलं.

"हे बोलत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "यांना मेंदूचा झटका येतोय. उजवा गाल बघा. तोंड मिटायचा प्रयत्न करताहेत आणि मिटत नाहीये."

"आणि चप्पल?"

"उजव्या पायाला संवेदना नाही. निघाली ते त्यांना कळलंच नसणार. लकवा पुढच्या काही तासांत वाढतो, तोवर माणूस चालतो, भ्रमिष्टासारखा कुठेही जातो. हे दक्षिणेकडे जाणाऱ्या बर्फाच्या रिकाम्या गाडीत चढून बसले. इथे आल्यावर ड्रायव्हरला मागे बेशुद्ध सापडले. घाबरला बिचारा, चौकीदाराला एवढंच सांगून आमच्या फाटकाशी ठेवून गेला. हे कुठे चढले ते त्यालाही माहीत नव्हतं."

इतकं साधं होतं. जगभर ज्या शब्दांवर वाद चालले होते ते शब्द नव्हतेच. ऋजुताला आनंदाने रडू आलं, आणि त्याच वेळी परकार काय म्हणाले होते तेही आठवलं.

तिने कसलीही कसर ठेवली नाही. बाबांच्या गालातला नमुना स्वतः घेतला, स्वतःचा घेतला, दोन्ही सरकारी प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिले आणि डीएनएचा अहवाल खिडकीशी उभं राहून कागदावर घेतला. बाप-लेकीचं नातं सिद्ध होतं. मग तिने जाळ्यावर डॉक्टरांच्या खुलाशासकट जाहीर केलं की विद्याधर केळसकर सापडले.

संध्याकाळपर्यंत विद्याधर केळसकर आणखी सहाशे ठिकाणी सापडले. प्रत्येक ठिकाणी एक मुलगी होती, एक डॉक्टर होता आणि मेंदूचा झटका होता. डीएनएचे चाळीस अहवाल फिरत होते, सगळ्यांवर शिक्के. ऋजुताचा खरा अहवाल त्यात एकेचाळिसावा होता आणि दिसायला सगळ्यात फिका. ‘मुलीने कोणाला पकडून आणलं?’ हा नवा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा जोरात धावू लागला.

जगाचं काय ते जग बघून घेईल, असं तिने ठरवलं. तिला बाबा घरी हवे होते, आईसमोर.

आईने दार उघडलं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाकडे तिने बराच वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कळवळा होता, दुसरं काही नव्हतं.

"कोण गं हे?" तिने हळूच विचारलं. "फार हाल झालेत बिचाऱ्यांचे."

"आई, बाबा आहेत हे."

"असं बोलू नये, ऋजू." आईने आत फोनकडे वळून पाहिलं, जणू कोणी ऐकेल. "ह्यांना कळलं तर काय वाटेल त्यांना?"

ऋजुताने अहवाल दाखवला, पोटरीचा डाग दाखवला. आईने सगळं पाहिलं, मान डोलावली, त्या पाहुण्यांसाठी मऊ भात केला आणि चमच्याने भरवलाही. पण तिचा माणूस बोलका होता, रोखठोक होता, आणि दर रविवारी तिची विचारपूस करत होता. हा समोरचा माणूस तिच्याकडे धड बघतही नव्हता. चाळीस वर्षं जे बोलणं ऐकायला ती थांबली होती, ते तिला आता कुठे मिळायला लागलं होतं, आणि ते सोडायला ती तयार नव्हती. ऋजुताला तिच्यावर रागावताही येईना.

तिने फोनचा क्रमांक बदलला, दोनदा. तिसरा क्रमांक आईनेच निवेदनाच्या पानावर टाकून दिला.

रविवारी दहा वाजता आईने फोन डब्याला टेकवला. तो वाजला की लगेच तोडायचा असं ठरवून ऋजुता शेजारीच उभी होती. चित्र आता लख्ख होतं. बाबा, पूर्वीचे, सरळ चेहऱ्याचे.

"घरात कोणी आलंय का, शुभदा?" त्यांनी विचारलं.

"एक पाहुणे आहेत. ऋजूने आणलेत. आजारी आहेत हो फार."

ऋजुताने हात पुढे केला.

"ऋजे," आवाज शांतपणे म्हणाला, "तो अहवाल तुझ्या हातात दिला कोणी? त्या माणसाला तू ओळखत होतीस?"

प्रश्न निव्वळ मूर्खपणाचा होता. खिडकीतल्या बाईंनी पाकीट दिलं होतं आणि सरकारी कचेरीतल्या बाई कोणाच्या ओळखीच्या असतात? ऋजुताला हे सगळं माहीत होतं. तरीही तिचा हात हवेतच थांबला. ती त्या बाईंचा चेहरा आठवू लागली, आणि तो आठवेना. मग तिने फोन बंद केला.

चार सेकंद गेले होते. ते चार सेकंद मोजले गेले आहेत, हे तिच्या लक्षात आलं. थव्याने आज तिच्यावर कोण जाणे किती वाक्यं फेकली असती, पण एका वाक्याने तिला धरून ठेवलं होतं. आता ते वाक्य जगणार होतं.

पुढच्या रविवारी फोनची सुरुवातच त्या वाक्याने झाली. "शुभदा, तो अहवाल ऋजेला दिला कोणी?"

आई खुर्चीवरून उठली. पुढच्या खोलीत खिडकीशी ते पाहुणे बसले होते. तिने त्या खोलीचं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली आणि परत येऊन बसली.

"हं, बोला," ती फोनला म्हणाली.

ऋजुता दारापाशी उभी होती. आतून खुर्चीची चाकं फरशीवर सरकल्याचा आवाज आला, मग कोणीतरी उघड्या तळव्याने दारावर हलकेच थापटलं. कडी तिच्या हाताच्या अंतरावर होती. मागे फोनमध्ये बाबा बोलत होते, बाबांच्याच आवाजात, मधूनच खोकत, आणि ते काय म्हणताहेत ते तिला ऐकायचं होतं. तिने कडी लगेच काढली नाही.